लुकायन लोक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१२ ऑक्टोबर १४९२ ही तारीख शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केली. कोलंबस त्या दिवशी ज्या किनाऱ्यावर उतरला तिथं कोण राहत होतं, हे मात्र परीक्षेत कुणी विचारलं नाही. ते लोक म्हणजे लुकायन. त्या दिवसानंतर जेमतेम तीस वर्षांत त्यांची बेटं रिकामी झाली. त्यांच्याविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

लुकायन म्हणजे नेमके कोण?

अमेरिकेतल्या फ्लोरिडापासून आग्नेयेला थेट हैतीच्या उत्तरेपर्यंत बेटांची एक लांबलचक माळ पसरली आहे. लहानमोठी मिळून शेकडो बेटं. यातला मोठा भाग म्हणजे आजचा बहामा देश, आणि शेपटाकडचा भाग म्हणजे टर्क्स आणि कैकोस बेटं. ही दुसरी बेटं अजूनही ब्रिटनच्या अखत्यारीत आहेत. युरोपीय लोक येण्यापूर्वी या सगळ्या बेटांवर लुकायन राहत होते.

क्यूबा, हिस्पॅनिओला (आजचे हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक) आणि प्वेर्तो रिको इथल्या ताइनो लोकांचीच ही एक शाखा. भाषा अरावाक कुळातली. त्यांचं नाव 'लुक्कू-कैरी', म्हणजे 'बेटांवरचे लोक', यावरून आल्याचं मानलं जातं. स्पॅनिश लोकांनी त्याचं 'लुकायो' केलं. भूगोलाच्या पुस्तकांत या संपूर्ण द्वीपसमूहाला आजही लुकायन द्वीपसमूह म्हणतात.

ते तिथे कधी आणि कुठून आले?

त्यांचे दूरचे पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरून निघून एकेक बेट पुढे सरकत कॅरिबियनमध्ये पसरले. हिस्पॅनिओला आणि क्यूबा इथून उत्तरेकडच्या या सपाट बेटांवर माणूस पोहोचला तो इसवी सन ७०० च्या सुमारास. ग्रँड टर्क बेटावरची 'कोरली' नावाची जागा हा याचा सर्वांत जुना ठळक पुरावा. तिथल्या उत्खननात समुद्री कासवं, इग्वाना आणि आता जगातून नाहीशा झालेल्या एका जमिनीवरच्या कासवाची हाडं मिळाली. कासव त्याच्याच कवचात भाजून खाल्ल्याच्या खुणाही मिळाल्या. माणसाचं पाऊल न पडलेल्या बेटावर शिकार किती सोपी असेल याची त्यावरून कल्पना येते.

पुढच्या काही शतकांत वस्ती वायव्येकडे सरकत बहामाच्या टोकापर्यंत गेली. हा सगळा प्रवास अखंड ओंडका कोरून केलेल्या होड्यांतून. या होड्यांना शीड नसे. १९९६ मध्ये ग्रँड टर्कच्या नॉर्थ क्रीक खाडीत चिखलात रुतलेलं एक लाकडी वल्हं सापडलं. ते सुमारे अकराव्या-बाराव्या शतकातलं आहे. उष्ण आणि दमट हवामानात लाकूड इतकी वर्षं टिकत नाही. हे टिकलं, कारण चिखलात त्याला हवा लागली नाही.

या बेटांवर जगणं सोपं होतं का?

जाहिरातीतला निळाशार समुद्र पाहून तसं वाटतं खरं. पण ही बेटं म्हणजे निव्वळ चुनखडीचे थर. नद्या जवळजवळ नाहीत. कठीण दगड अजिबात नाही. कुऱ्हाड करायची तर दगड हिस्पॅनिओला किंवा क्यूबाहून होडीतून आणावा लागे. म्हणून लुकायन लोकांनी जे समोर होतं त्यातूनच हत्यारं केली. मोठ्या शंखाच्या जाड ओठापासून तासण्या, छिन्न्या आणि हातोड्या घडवल्या. शंखातलं मांस पोटात आणि कवच कामाला. आजही बहामात शंखाच्या मांसाला तेवढंच महत्त्व आहे. चौकाचौकात त्याची भजी आणि कोशिंबीर विकली जाते.

मातीची गोष्ट तर याहून गमतीची. चुनखडीपासून चांगली चिकणमाती बनत नाही, मग या लोकांनी मडकी कशाची घडवली? इथल्या खळग्यांमध्ये साठलेली लाल माती मोठ्या प्रमाणात आफ्रिकेच्या सहारा वाळवंटातून वाऱ्याबरोबर अटलांटिक ओलांडून आलेल्या धुळीची आहे. त्या मातीत भाजलेल्या शंखाचा चुरा मिसळून लुकायन लोकांनी जाडसर, लालट मडकी आणि तवे केले. पुरातत्त्वज्ञ या भांड्यांना 'पाल्मेटो' खापरं म्हणतात. दिसायला ती अगदीच साधी. शेजारच्या हिस्पॅनिओलाची नक्षीदार मडकी त्यांच्यापुढे फारच देखणी वाटतात. पण बेटाबेटावर लुकायन वस्ती ओळखायची ती या ओबडधोबड खापरांवरूनच.

ते काय खात होते?

समुद्रातून मासे (विशेषतः पोपटमासा), शंख, खेकडे आणि कासवं. जमिनीवर इग्वाना आणि हुतिया, म्हणजे सशाएवढा एक कुरतडणारा प्राणी. शेतात कसावा, रताळी, मका, मिरची. खडकाळ जमिनीत जिथे खळग्यात माती साठली असेल तिथे लागवड करायची.

यातला कसावा महत्त्वाचा. कडू जातीच्या कसाव्यात सायनाइड तयार होतं, त्यामुळे तो कच्चा खाल्ला तर जिवावर बेतू शकतं. कंद सोलायचा, खडबडीत फळीवर किसायचा, कीस वेताच्या लांब पिशवीत भरून पिळून विषारी रस काढून टाकायचा, उरलेला चोथा वाळवायचा आणि मोठ्या मातीच्या तव्यावर पातळ भाकरी भाजायची. ही भाकरी महिनोन्महिने टिकते, म्हणून लांबच्या समुद्रप्रवासात तीच शिदोरी.

आपल्याकडचा धागा इथे सरळ जुळतो. हाच कसावा पुढे पोर्तुगीजांमार्फत भारतात आला, केरळ आणि तामिळनाडूत रुजला, आणि त्याच्या स्टार्चपासून आपला साबुदाणा बनतो. आषाढी एकादशीची खिचडी ज्या कंदाची, तो कंद अमेरिका खंडातल्या मूलनिवासींनी हजारो वर्षांच्या मेहनतीने खाण्याजोगा केलेला आहे. 'उपवासाला चालतं' या यादीत साबुदाणा, बटाटा, रताळं आणि शेंगदाणा बसले, हे चौघेही तिकडचेच.

त्यांची गावं आणि घरं कशी होती?

बहुतेक वस्त्या किनाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, वाळूच्या उंचवट्यावर. कोलंबसाच्या रोजनिशीत बारा-पंधरा घरांच्या गावांचा उल्लेख आहे. घरं तंबूसारखी उंच आणि गोल, आतून झाडूनपुसून लख्ख. झोपायला दोन खांबांना बांधलेली जाळीची झोळी. युरोपियनांनी ती इथेच पहिल्यांदा पाहिली आणि पुढे जगभरच्या जहाजांवर खलाशी तीच टांगून झोपू लागले.

सगळीच गावं लहान नव्हती. मिडल कैकोस बेटावर पुरातत्त्वज्ञांनी 'एमसी-६' असं रूक्ष नाव दिलेली जागा आहे. तिथे दगडांनी आखलेलं मोठं चौकवजा मैदान मिळालं असून त्याच्या मांडणीचा सूर्य-ताऱ्यांच्या उगवण्या-मावळण्याशी संबंध असल्याचं अभ्यासक सांगतात. जवळच एक उथळ तळं आहे, उन्हाळ्यात त्यात आपोआप मीठ धरतं. मीठ आणि खारवलेले मासे दक्षिणेला हिस्पॅनिओलाच्या दाट वस्तीकडे पाठवायचे, असा व्यापार इथून चालत असावा. त्यामुळे लुकायन म्हणजे जगापासून तुटलेले भोळे बेटवासी, हे चित्र मनातून काढलेलं बरं.

त्यांचा धर्म काय होता?

इतर ताइनोंप्रमाणे ते 'झेमी' मानत. झेमी म्हणजे देवता किंवा पूर्वजांची शक्ती, आणि ती ज्यात वसते ती लाकूड, दगड वा कापसाची मूर्तीही. प्रमुखाला 'कासिके' म्हणत. त्याचं आसन 'दुहो', म्हणजे कठीण लाकडातून कोरलेलं, बहुधा प्राण्याच्या आकाराचं, बुटकं बैठं पीठ.

गुहांना मोठं स्थान होतं. माणूस गुहेतून पृथ्वीवर आला, अशी ताइनो कथा आहे. मृतांनाही पुष्कळदा गुहेत ठेवत, कधी पाण्याने भरलेल्या खोल कपारींत. बहामात अशा कपारींना ब्लू होल म्हणतात. दक्षिण अँड्रॉस बेटावरच्या सँक्चुअरी ब्लू होलमध्ये १९९१ साली पाणबुड्यांना लुकायन सांगाडे मिळाले. सांगाड्यांच्या कवट्या कपाळावर चपट्या असतात. तान्ह्या बाळाच्या कपाळावर फळी बांधून डोक्याला तो आकार देण्याची रीत होती. रुंद कपाळं कोलंबसाच्याही नजरेत भरली होती.

एकोणिसाव्या शतकात वटवाघळांच्या विष्ठेचं खत खणायला व्यापारी या गुहांत घुसले, तेव्हा बऱ्याच दुहो आणि मूर्ती बाहेर आल्या. त्यातल्या चांगल्या वस्तू आज बहुतेक अमेरिका आणि युरोपातल्या संग्रहालयांत आहेत. जे खतात चिरडलं गेलं त्याचा हिशेब नाही.

कोलंबस नेमका कोणत्या बेटावर उतरला?

लुकायन त्या बेटाला 'ग्वानाहानी' म्हणत, कोलंबसाने त्याचं 'सान साल्वादोर' केलं. यावर वाद आहे. बहामातल्या वॉटलिंग बेटाला १९२० च्या दशकात अधिकृतपणे सॅन साल्वादोर हे नाव देण्यात आलं आणि आज बहुतेक अभ्यासक त्याच्याच बाजूने आहेत. १९८६ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'ने 'सामाना के' या निर्मनुष्य बेटाचा दावा गाजवला. ग्रँड टर्कचे पाठीराखेही आहेत. अडचण अशी की कोलंबसाची मूळ रोजनिशी हरवली. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने केलेला तिचा गोषवारा तेवढा उरला.

सॅन साल्वादोरच्या बाजूने एक पुरावा जड आहे. १९८३ मध्ये तिथल्या लाँग बे इथे लुकायन खापरांसोबत काचेचे मणी, पट्ट्यांचे धातूचे काटे आणि स्पेनमधल्या कास्तीय राज्याचा राजा चौथा हेन्री याच्या काळातलं 'ब्लांका' नावाचं क्षुल्लक किमतीचं नाणं मिळालं. रोजनिशीत खलाशांनी नेमक्या याच वस्तू वाटल्याचं लिहिलं आहे. यावरून उतरण्याची जागा शंभर टक्के सिद्ध होत नाही, कारण लुकायन वस्तू होडीतून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेतच होते. तरी माझं मत सॅन साल्वादोरलाच.

पहिल्या भेटीत काय घडलं?

लुकायन लोक पोहत आणि होड्यांतून जहाजांकडे आले. सुताचे गुंडे, पोपट आणि भाले आणले, बदल्यात मणी आणि घुंगरं घेतली. लोखंड त्यांना ठाऊक नव्हतं. तलवार दाखवली तर त्यांनी ती धारेकडून धरली आणि हात कापून घेतला. कोलंबसाने हे सगळं मोठ्या कौतुकाने लिहिलं. दोनच दिवसांनी, १४ ऑक्टोबरच्या नोंदीत, पन्नास माणसांच्या जोरावर या सगळ्यांना अंकित करता येईल आणि हवं ते करून घेता येईल, असंही लिहिलं. कौतुक आणि हिशेब एकाच लेखणीतून उतरलेले.

तोवर त्याने सात जणांना पकडलंही होतं. वाटा दाखवायला, भाषा शिकायला आणि स्पेनच्या राणीला दाखवायला. यातल्या एका तरुणाला पुढे स्पेनमध्ये बाप्तिस्मा देऊन दिएगो कोलोन असं नाव दिलं गेलं. कोलंबसाच्या मुलाचंही नाव हेच, त्यामुळे वाचताना गोंधळ होतो. हा लुकायन दिएगो कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत दुभाषा म्हणून परत आला.

रोजनिशीतली मला सर्वांत बोलकी वाटणारी नोंद एका एकट्या नावाड्याची आहे. दोन बेटांच्या मधे, भर समुद्रात, छोट्या होडीतून तो एकटाच चालला होता. जवळ मुठीएवढी भाकरी, भोपळ्यात पाणी, लाल मातीची पूड, काही वाळलेली पानं (तंबाखू असावा) आणि टोपलीत काचेचे मणी आणि दोन ब्लांका नाणी. म्हणजे जहाजं पुढच्या बेटावर पोहोचण्याआधीच जहाजांची बातमी आणि मालाचा नमुना घेऊन हा निघाला होता. त्या समुद्रात निरोप किती वेगाने फिरत असत ते यातून दिसतं. कोलंबसाने त्याला होडीसकट जहाजावर घेतलं, खाऊ घातलं आणि पुढच्या बेटाजवळ सोडून दिलं.

बहामात कोलंबस दोन आठवडेच राहिला. सोनं इथे नाही हे लक्षात आल्यावर २८ ऑक्टोबरला तो क्यूबाला पोहोचलाही.

त्यांना 'इंडियन' का म्हणतात?

कोलंबस आशियाच्या शोधात निघाला होता आणि आपण 'इंडीज'ला, म्हणजे पूर्वेकडच्या देशांच्या काठाला लागलो अशी त्याची खात्री होती. त्यावरून तिथले लोक 'इंदियो' झाले. वेस्ट इंडीज हे नावही त्याच चुकीतून आलं. आपल्याशी त्यांचा संबंध एवढाच.

लुकायन भित्रे होते का?

कोलंबसाला तसं वाटलं. पण त्यानेच लिहून ठेवलंय की काहींच्या अंगावर जखमांचे व्रण होते आणि विचारल्यावर त्यांनी खुणांनी सांगितलं की जवळच्या बेटांवरून लोक धरून न्यायला येतात, आम्ही प्रतिकार करतो. लढाई त्यांना नवी नव्हती. तोफा आणि पोलाद नवं होतं.

मग ते गेले कुठे? नामशेष कसे झाले?

'नामशेष' या शब्दाला कर्ता लागत नाही, आणि तिथेच फसगत होते. वाघ नामशेष होतो, तसं हे आपोआप घडल्यासारखं वाटतं. लुकायन लोकांना जहाजांत भरून नेण्यात आलं. कुणी नेलं, कुणाच्या परवानगीने, कशासाठी आणि किती भावाने, हे सगळं लिहिलेलं आहे.

कोलंबसानंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत हिस्पॅनिओलातले ताइनो खाणींतल्या सक्तमजुरीने, उपासमारीने आणि हिंसेने झपाट्याने मरत गेले. सोन्याच्या खाणींना मजूर हवे होते. वसाहतवाल्यांनी स्पेनचा राजा फर्डिनांडकडे मागणी केली आणि १५०९ च्या सुमारास परवानगी मिळाली: जिथे सोनं नाही अशा 'निरुपयोगी' बेटांवरचे लोक हिस्पॅनिओलात आणावेत. बहामाची सगळी बेटं त्या एका विशेषणात बसली. त्याच वर्षी हिस्पॅनिओलाचा कारभार हाती आला तो कोलंबसाच्या मुलाच्या, दिएगोच्या.

जहाजं निघू लागली. व्यापारी, अधिकारी आणि न्यायाधीशसुद्धा भागीदारीत पैसा घालत. स्पेनच्या दरबारी असलेला इटालियन इतिहासकार पीटर मार्टर लिहितो की फसवणुकीची एक खास युक्ती होती. मेल्यावर आत्मे दक्षिणेच्या सुखाच्या प्रदेशात जातात असा लुकायनांचा समज होता. स्पॅनिश लोक त्यांना सांगत, आम्ही तिथूनच आलोय, चला, तुमचे मेलेले आईबाप, आजे-पणजे भेटतील. माणसं आनंदाने जहाजावर चढत. खाणीत पोहोचल्यावर काय ते कळे. कित्येकांनी अन्न सोडून प्राण दिले.

काही वर्षांनी बाजार बदलला. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळच्या कुबाग्वा बेटापाशी मोत्यांची समृद्ध कालवं मिळाली. श्वास रोखून खोल बुडी मारण्यात लुकायन पटाईत, लहानपणापासून शंख काढत आलेले. लास कासास सांगतो की आधी चार पेसोंना विकला जाणारा लुकायन आता शंभर-दीडशे पेसोंना जाऊ लागला. सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत बुड्या मारायच्या, वर आलं की दम घ्यायलाही वेळ नाही. छातीत रक्त साकळून किंवा शार्कच्या तोंडी माणसं मरत. ज्या कौशल्यावर ही माणसं समुद्रात जगली, त्याच कौशल्याने त्यांचा भाव वाढवला आणि जीव घेतला.

१५१३ मध्ये हुआन पोंसे दे लेओन हा स्पॅनिश शोधप्रवासी याच बेटांमधून फ्लोरिडाकडे गेला. बेटांच्या एका पुंजक्यात त्याच्या लोकांना एका म्हाताऱ्या बाईशिवाय कुणी भेटलं नाही. त्या बेटांना त्यांनी 'ला व्हिएहा', म्हातारी, असंच नाव दिलं. पुढे पेद्रो दे इस्ला नावाच्या एका श्रद्धाळू माणसाने, उरलेल्यांना वाचवून एका ठिकाणी वसवावं म्हणून, जहाज पाठवलं. बेटांमागून बेटं धुंडाळून मिळाले ते अकरा जण. लास कासासने त्यांना स्वतः पाहिलं. १५२१ मध्ये गुलाम पकडायला आलेल्या दोन जहाजांना बहामात कुणीच सापडेना. रिकाम्या हाती परतणं परवडणारं नव्हतं, म्हणून ती उत्तरेला आजच्या साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर गेली आणि तिथून माणसं धरून आणली.

पण देवीच्या साथीने मेले असं वाचलंय, ते खरं नाही का?

अमेरिका खंडातल्या बऱ्याच समाजांबाबत ते मोठं कारण आहे. इथे तारखा पाहा. देवीची पहिली मोठी साथ हिस्पॅनिओलात पोहोचली ती १५१८ च्या अखेरीस. बहामा त्याच्या कितीतरी आधी रिकामं झालेलं होतं. इतर आजारांनी गुलामांच्या तांड्यांत बळी घेतले असणारच, पण बेटं ओस पडली ती माणसं उचलून नेल्यामुळे.

किती लोक होते?

नेहमी सांगितला जातो तो आकडा ४०,०००. पीटर मार्टरने नेलेल्यांची संख्या तेवढी दिली आहे. लास कासासचे आकडे पाच लाखांच्या घरात जातात, ते कुणी गंभीरपणे घेत नाही. वस्त्यांच्या अवशेषांवरून केलेले आजचे अंदाजही काही हजारांपासून ८०,००० पर्यंत पसरलेले आहेत.

कुणी पळून जायचा प्रयत्न केला का?

केला, आणि ही हकिकत पीटर मार्टरनेच नोंदवली आहे. हिस्पॅनिओलात नेलेला एक लुकायन सुतारकाम जाणणारा होता. त्याने आतून पोकळ असलेल्या एका झाडाचा जाड ओंडका घेतला, आणखी पोखरला, त्यात मका आणि पाण्याने भरलेले भोपळे भरले आणि दोन्ही तोंडं घट्ट बंद केली. तो ओंडका इतर लाकडांसह वेलींनी बांधून तराफा केला. काही सोबती घेऊन, ज्यात एक बाई होती, तो वल्ही मारत उत्तरेला घराकडे निघाला. सुमारे दोनशे मैल ते गेले. मग वाटेत आडवं आलं ते लुकायन गुलाम भरूनच परतणारं एक जहाज. त्याने सगळ्यांना पकडून पुन्हा हिस्पॅनिओलात आणलं.

ही गोष्ट पकडणाऱ्यांच्या बाजूने लिहिली गेली म्हणून शिल्लक आहे. जे घरी पोहोचले असतील, त्यांची लिहायला कुणी नव्हतं.

त्यानंतर बेटांवर कोण आलं?

सव्वाशेहून जास्त वर्षं कायमची वस्ती नव्हती. १६४८ च्या सुमारास बर्म्युडाहून धर्मस्वातंत्र्य शोधत निघालेले इंग्रज इल्यूथेरा बेटाजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले. त्यांनी जिथे आसरा घेऊन प्रार्थना केली ती 'प्रीचर्स केव्ह'. त्याच गुहेच्या जमिनीत लुकायन दफनं होती. पुढे समुद्री चाचे आले, आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धानंतर ब्रिटिशनिष्ठ मळेवाले आपल्या आफ्रिकी गुलामांसह आले. आजचे बहुतेक बहामावासी त्या गुलामांचे वंशज. एका गुलामगिरीने रिकाम्या केलेल्या जमिनीवर दुसऱ्या गुलामगिरीने वस्ती वसवली.

आज त्यांचे वंशज आहेत का?

बहामात लुकायन म्हणून अखंड चालत आलेला समाज नाही. पण रक्त पुसलं गेलेलं नाही. २०१८ मध्ये प्रीचर्स केव्हमधल्या सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीच्या दातातून संपूर्ण जनुकसंच वाचता आला. कॅरिबियनमधला त्या प्रकारचा तो पहिलाच. तिचं नातं दक्षिण अमेरिकेतल्या अरावाक भाषिकांशी लागलं, आणि प्वेर्तो रिकोच्या आजच्या लोकांमधला मूलनिवासी अंश तिच्या जनुकांशी जुळला. तिच्यात जवळच्या नात्यातल्या लग्नांच्या खुणाही दिसल्या नाहीत. म्हणजे लहान बेटांवर राहूनही सोयरिकी लांबवर होत असणार. पकडून नेलेले लुकायन हिस्पॅनिओला, क्यूबा, प्वेर्तो रिकोतल्या लोकांत मिसळले. तिथे आज ताइनो ओळख पुन्हा अभिमानाने सांगणारे गट आहेत.

त्यांच्या भाषेतलं काही उरलंय?

बेटांची नावं: बिमिनी, इनाग्वा, मायाग्वाना, कैकोस. ताइनो भाषेतून जगभर पसरलेले हॅमॉक, कनू, हरिकेन असे शब्द. मराठीतला 'बटाटा'सुद्धा पोर्तुगीजांकडून आलेला ताइनो शब्दच, फक्त त्यांच्याकडे तो रताळ्याचा होता.

बहामात आज त्यांची आठवण कशी ठेवतात?

संमिश्र, असंच म्हणावं लागेल. देशाच्या बोधचिन्हावर शंख आहे आणि कोलंबसाचं 'सांता मारिया' जहाजही. ऑक्टोबरमधली 'डिस्कव्हरी डे'ची सुट्टी बदलून आता 'नॅशनल हीरोज डे' केली आहे. राजधानी नसाऊच्या गव्हर्नमेंट हाउससमोरच्या कोलंबसाच्या पुतळ्यावर २०२१ मध्ये एका माणसाने हातोड्याचे घाव घातले. 'लुकाया' हे नाव मात्र सर्वांत जास्त दिसतं ते हॉटेलं आणि बाजारपेठांच्या पाट्यांवर. गोल्फ कोर्सला नाव देणं सोपं असतं. शाळेच्या पुस्तकात प्रकरण वाढवणं त्यामानाने कठीण.

अवशेष पाहायचे असतील तर कुठे जावं?

ग्रँड बहामा बेटावरचं लुकायन नॅशनल पार्क १९८२ पासून राखीव आहे. त्याच्या खाली पाण्याने भरलेल्या भुयारांचं प्रचंड जाळं आहे आणि बरियल माउंड केव्हमध्ये १९८० च्या दशकात लुकायन अवशेष सापडले. याच भुयारांत रेमिपीड या कवचधारी जीवांचा तोवर अज्ञात असलेला संपूर्ण वर्ग सापडला. १९८१ मध्ये त्यातल्या पहिल्या जातीला 'लुकायेन्सिस' असं नाव दिलं गेलं. २०१९ च्या डोरियन वादळाने या बेटाचं आणि शेजारच्या अबाकोचं अतोनात नुकसान केलं, त्यामुळे जाण्यापूर्वी काय उघडं आहे त्याची चौकशी करा.

ग्रँड टर्कवरच्या टर्क्स आणि कैकोस राष्ट्रीय संग्रहालयात वर उल्लेख आलेलं वल्हं आहे. मिडल कैकोसच्या काँक बार गुहांत वाटाड्यासोबत जाता येतं. बहामात प्राचीन वस्तूंना १९९८ च्या कायद्याचं संरक्षण आहे. वाळूत लाल खापर दिसलं, आणि वादळानंतर ती खरंच उघडी पडतात, तर उचलून खिशात टाकू नका. जागा लक्षात ठेवा, फोटो काढा आणि तिथल्या पुरातन वस्तू खात्याला कळवा.